शेंडा का खुडायचा, तेही सांगा की

बोन्सायवरचा, म्हणजे कुंडीत खुजं ठेवलेल्या झाडांवरचा, तुमचा लेख छान, पण 'शेंडा खुडत राहा, बोन्साय डेरेदार होतं' एवढ्यावरच सोडलंत. कोंबाच्या टोकाशी ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे नव्या फुटव्यांच्या अंकुरांना, दाबून ठेवतं. टोक गेलं की डोळे फुटतात. हे कळलं की कात्री कुठे चालवायची ते बरंचसं आपलं आपल्याला उमगतं.

फांदीला वळण द्यायला गुंडाळतात त्या तारेचंही तेच, कारण कळायला हवं. अन्नवाहिन्या सालीला लागूनच असतात. तार रुतली की पानांतली साखर मुळांकडे जाताना तिथेच अडते आणि तारेच्या वरच्या अंगाला फांदी फुगते. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढतच असतं, त्यामुळे पानं हिरवीगार आणि आपण निर्धास्त!

मातीचा मुद्दा आमच्या सोलापूरकरांसाठी वेगळा. इथली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तर रब्बीची मालदांडी ज्वारी तिच्यावर पिकते. पण उथळ कुंडीत तीच माती चिकट होऊन मुळांची हवा तोडते. मी चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं शेणखत वापरतो. निचरा झकास होतो, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की सकाळचं पाणी दुपारीच संपतं. तेव्हा 'दिवसातून एकदा पाणी' हा तुमचा नियम इथे नाही चालायचा. बोट खुपसून बघायचं आणि घालायचं.

वडाच्या पारंब्यांबद्दलही लिहा. त्यांना दमट हवा लागते, आणि ती आमच्याकडे पावसाळ्यातच काय ती मिळते.