क्लब हाउसची किल्ली वॉचमनकडे

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पट्ट्यात फ्लॅट बघायला गेलात ना की हातात एक गुळगुळीत ब्रोशर ठेवतात, त्यात '४० प्लस अ‍ॅमेनिटीज'. परवा मित्राच्या ब्रोशरमधल्या वाचायला बसलो तर त्यात लिफ्ट पण धरलेली, मेन गेट पण, आणि 'पांडवलेणी व्ह्यू' पण!! दोनेक हजार वर्षं जुनी लेणी, ती पण बिल्डरनेच खोदून दिली असावीत.

'१० टक्के ग्रीन ओपन स्पेस' तर हमखास असतं, जणू पदरचं दिलंय. अहो प्लॉट ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असला की १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे ते. म्हणजे जे कायद्याने द्यायचंच आहे त्याचेच फोटो दाखवून स्क्वेअर फुटाचा रेट वाढवतात आणि आपण पण माना डोलावतो.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे त्यामुळे आतलं सगळं माहितीये. जिममध्ये दोन ट्रेडमिल, एक बंद, दुसऱ्यावर चादर आणि त्या चादरीवर कोणाच्या तरी बारशाचे उरलेले फुगे. क्लब हाउसची किल्ली वॉचमनकडे, रजिस्टरमध्ये सही करा, डिपॉझिट भरा, नऊच्या आत रिकामं करा. स्विमिंग पूलचं तर विचारूच नका, पोरांना सुट्ट्या लागतात एप्रिल-मेमध्ये आणि नेमकं तेव्हाच पाण्याची बोंब, मग टँकर मागवायचा आणि ते पाणी पूलमध्ये ओतायचं की टाकीत यावरून ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडणं. पोडियमवर बोर्ड 'येथे बॉल खेळण्यास मनाई आहे'. पोरं मग कंपाउंडवरून उड्या मारून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट खेळतात, तिथे त्यांना कोणी विचारत नाही. एक 'जॉगिंग ट्रॅक' पण आहे बरं का, पार्किंगच्या कडेने मारलेला लाल पट्टा, कानात इअरफोन घालेपर्यंत एक राउंड संपतो. त्यामुळे आमचे अर्धे लोक सकाळी गाडी काढून गोविंदनगरच्या ट्रॅकवर चालायला जातात (चालायला गाडीने!).

आता गोविंदनगरचा किंवा कृषिनगरचा ट्रॅक कोणाच्या ब्रोशरमधला नाही, तो सगळ्यांचा आहे. बंगल्यातले साहेब पण तिथेच आणि वन रूम किचनमधले काका पण तिथेच. मला जे म्हणायचंय ते हेच की आत गार्डन मिळालं की माणूस बाहेरचं मैदान मागायचं सोडतो. आमच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत फुटपाथ नाही. सिटीलिंक, म्हणजे महापालिकेची सिटी बस, २०२१ पासून धावतेय, बस मिळते, पण पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या रबडीतून बसपर्यंत पोचायचं म्हणजे आजीबाईंनी साडी धरायची, पिशवी धरायची की नातवाचा हात धरायचा? ग्रुपवर गझिबोला क्रीम कलर द्यायचा की ब्राउन यावर मेसेजचा पाऊस पडला. फुटपाथसाठी अर्ज करायचं एकानेही काढलं नाही, कारण कमिटी धरून सगळे गाडीतून बाहेर पडतात. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, हे खरंय. पण अर्ज घ्यायला ऑफिस तर उघडं होतं ना.

माझी मावशी सिडकोत राहते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना डोळ्यासमोर ठेवून सिडको या सरकारी महामंडळाने तिथे घरांच्या सहा योजना केल्या, त्यातलं एवढंसं घर. पण दळण, दवाखाना, शाळा, पवननगरचा भाजीबाजार, सगळं पायी. संध्याकाळी चपला घातल्या की निघाली, येताना मेथीची जुडी आणि चार घरच्या बातम्या. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही हां, गल्ल्या अरुंद, घरावर घरं चढलीत, गाडी लावण्यावरून रोज वाद. पण मावशीला भाजीसाठी अ‍ॅप उघडावं लागत नाही, आणि आमच्याकडे भाजीची हातगाडी गेटच्या आत घेत नाहीत, 'सोसायटीचा स्टँडर्ड' जातो म्हणे.

फ्लॅट बघताय ना, तर सॅम्पल फ्लॅटमधला सोफा नंतर बघा. आधी शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा बघा, २०१७ ला मंजूर झालाय, आजूबाजूला शाळेचं, मैदानाचं, भाजी मार्केटचं आरक्षण कुठे आहे आणि त्या जागेवर आज काय उभं आहे ते जाऊन बघा. आणि ब्रोशर टाकून देऊ नका, जाहिरातीत खोटं सांगून फ्लॅट विकला तर रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम १२ मध्ये भरपाई मागता येते. शक्यतो जुलैमध्ये संध्याकाळी जा, गाडी लांब लावा आणि स्टॉपपासून साइटपर्यंत चालत या.

येत्या रविवारी आमची मीटिंग आहे. अजेंड्यावर पहिला विषय पूलच्या टाइल्स. फुटपाथच्या अर्जाचा कागद मी टाइप करून नेतोय, आता निवडून आलेले नगरसेवक पण आहेत, सह्या किती होतात बघू. पाथर्डी फाटा, प्रशांतनगर, वासननगर साइडला राहणाऱ्यांनी आपापल्या सोसायटीचं पत्र जोडलं तर एकत्रच देऊ, इनबॉक्समध्ये सांगा.