फोल्डर खोल आहेत म्हणून साइट सपाट करू नका

गोव्यात देवस्थाने, ग्रंथालये, शाळा, नाट्यमंडळे यांच्या छोट्या वेबसाइटी सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या बराच फिरतो आहे. गोषवारा असा: फोल्डर जितका खोल तितके अपलोड मंद, फाइलझिला (फाइली सर्व्हरवर चढवण्याचा प्रोग्रॅम) जागा लक्षात ठेवत नाही, म्हणून दरवेळी वरून एकेक फोल्डर उघडत खाली उतरावे लागते, तेव्हा सगळ्या फाइली सरळ पब्लिक_एचटीएमएल (public_html) या साइटच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्येच ठेवा. यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचे तर साइटचे नुकसान करणारे आहे.

आधी वेगाचे बघू. फाइली सर्व्हरवर पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचे नियम 1985 सालच्या आरएफसी 959 या दस्तऐवजात आहेत. फोल्डर बदलण्याची त्यातली आज्ञा पूर्ण पाथ (फोल्डरपर्यंतची वाट) एकदम घेते, त्यामुळे सहा पायऱ्या खाली जायला ती एकदाच दिली की पुरते. आपण क्लिक करत उतरतो तेव्हा मात्र वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची यादी सर्व्हरकडून मागवली जाते, आणि एखाद्यात हजारो फोटो असले की तिथेच खोळंबा होतो. शिवाय एफटीपी प्रत्येक फाइलसाठी नवे डेटा कनेक्शन उघडते. बारीक फाइली पुष्कळ असतील तर त्या कुठेही टाका, वेळ लागणारच. त्या झिप करून चढवा आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा.

'लक्षात ठेवत नाही' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा क्विककनेक्टमध्ये असते. वरच्या पट्टीत होस्ट, नाव, पासवर्ड टाकून जोडले की आपण खात्याच्या मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरात, उतरतो. त्याऐवजी साइट मॅनेजरमध्ये साइटची नोंद करा. तिथल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये डिफॉल्ट रिमोट डिरेक्टरीची चौकट आहे, तिच्यात /पब्लिक_एचटीएमएल/चित्रे/2025/शिगमो असा पूर्ण पाथ भरला की जोडणी होताच समोर तेच फोल्डर येते. वरच्याच चौकटीत आपल्या संगणकावरचे फोल्डरही देता येते. जागा अनेक असतील तर कंट्रोल-बी दाबून बुकमार्क करा. सिंक्रोनाइझ्ड ब्राउझिंग चालू ठेवले तर डावीकडे फोल्डर बदलले की उजवीकडचेही बदलते. अट एवढीच की दोन्हीकडची रचना आणि नावे सारखी हवीत. लिनक्स सर्व्हरवर इंग्रजी नावांतले लहान-मोठे अक्षर वेगळे धरले जाते, हे विसरू नका.

एक खाचखळगा मात्र खरा आहे. बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटी) एफटीपीने गेल्यावर पाथ पब्लिक_एचटीएमएलपासून दिसतो, तर एसएफटीपी या सुरक्षित पद्धतीने गेल्यावर त्याआधी होम आणि खात्याचे नाव लागते. एकासाठी केलेला बुकमार्क दुसऱ्यात चालला नाही की लोक 'बुकमार्क बिघडले' म्हणतात. जोडणी झाल्यावर रिमोट साइटच्या पट्टीत जो पाथ दिसतो तोच उचलून वापरा.

आता 'सगळे वरच ठेवा'. फोल्डरची वाट हाच फाइलीचा वेबवरचा पत्ता असतो. जत्रेचे फोटो हलवले की आजवर लोकांनी पाठवलेले, गूगलने नोंदवलेले दुवे 404, म्हणजे 'पान सापडत नाही', दाखवू लागतात. साइट चालवणारे वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर अपलोड्स फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याची फोल्डरे करते आणि मजकुरात तेच पत्ते साठवते, त्यामुळे फाइल नुसती उचलून वर ठेवली की जुन्या लेखांतली चित्रे गायब होतात. आणि दोन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिकांचे नाव एकच असेल तर नवी जुनीवर चढते. गावातल्या संस्थेकडे त्या पत्रिकेची दुसरी प्रत कित्येकदा नसतेच. म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

फक्त फोटो चढवणाऱ्या कार्यकर्त्यासाठी सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर वेगळे एफटीपी खाते काढून त्याची डिरेक्टरी म्हणून ते खोल फोल्डरच द्या. तो लॉगिन करताच तिथे पोहोचतो, आणि त्याच्या वर जाऊ शकत नसल्यामुळे बाकीच्या फाइलींना त्याचा धक्का लागत नाही.

ज्यांनी साइट आधीच सपाट केली आहे त्यांनी बॅकअप घेऊन फाइली मूळ फोल्डरांत परत न्याव्यात. मधल्या काळात जे नवे पत्ते वाटले गेले, त्यांच्यासाठी सर्व्हरवर अपाचे हे सॉफ्टवेअर असल्यास एचटीअ‍ॅक्सेस (.htaccess) फाइलमध्ये 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमचे वळवण्याचे नियम, लिहावेत.