अग्निवीरचा फॉर्म भरण्याआधी पाचव्या वर्षाचं बोला

भरतीचा विषय निघाला की घरात एकच प्रश्न फिरतो, पोरगं लागेल का? लागल्यावर चार वर्षांनी काय, असं कुणी विचारलं तर तो अपशकुन ठरतो. माझं मत असं की हा दुसरा प्रश्न आधी सोडवावा आणि मगच पहाटेचं रनिंग सुरू करावं.

आपल्याकडे फौजेचं एक चित्र पक्कं बसलंय. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी, कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी, अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या पोरं पलटणीत गेली. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन चाळिशीच्या आत घरी आली, मग शेती, बँकेत सुरक्षारक्षक, नाहीतर एसटी. हे चित्र १४ जून २०२२ ला बदललं. त्या दिवशी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जवानांच्या जुन्या पद्धतीच्या भरतीची जागा या योजनेनं घेतली. या योजनेतून चार वर्षांसाठी लागलेला जवान म्हणजे अग्निवीर. त्यामुळे रिटायर्ड सुभेदार काकांचा सल्ला शिस्त, खाणंपिणं, सीनिअरशी कसं वागायचं याबाबत आजही शंभर टक्के खरा असला, तरी पैशाबाबत जुना झालाय. काकांचा मान ठेवा, हिशेब मात्र नवा मांडा.

हिशेब असा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ३० टक्के म्हणजे ९,००० सेवा निधीत कापले जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी हातात २३,१००. तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी साधारण साडेपंचवीस हजार. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. राहणं, जेवण, कपडे, उपचार सरकारी, आणि पोस्टिंगप्रमाणे वेगळे भत्ते. चार वर्षांत हातात येणारी रक्कम पावणेबारा लाखांच्या आसपास जाते. कापलेले पैसे होतात ५ लाख २ हजार, सरकार तेवढेच घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार आणि वर व्याज. बाहेर पडताना ही रक्कम करमुक्त मिळते.

ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण दहा लाख बँकेत ठेवले आणि समजा सात टक्के व्याज मिळालं, तर महिन्याला ५,८०० रुपये येतात. म्हणजे हे पेन्शन नव्हे. ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पैसे येण्याआधीच ते कशात जाणार हे घरात ठरलेलं असतं, बहिणीचं लग्न, बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता. हे दहा लाख पोराच्या पुढच्या दोन वर्षांच्या तयारीचं भांडवल आहेत, घराचा बोनस नाहीत. हे नात्यातल्या चार माणसांसमोर आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आता २५ टक्क्यांचं. चार वर्षांनंतर बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतात, पुढे किमान पंधरा वर्षांसाठी. अकॅडमीतला प्रत्येक पोरगा मनात स्वतःला त्या २५ मध्ये धरूनच पळत असतो. धरावंही, पण मैदानावर. घरातला हिशेब ७५ टक्क्यांच्या बाजूनं करावा. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नियमित सेवेत घेतलं तर सेवा निधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. शिवाय आधीची चार वर्षं पेन्शनच्या सेवेत मोजली जात नाहीत. स्वतःहून मध्येच सोडायचं म्हटलं तर तसं सोडता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळते, आणि तेव्हाही हातात फक्त आपलाच वाटा. पहिली तुकडी डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३ मध्ये ट्रेनिंग सेंटरांत दाखल झाली. तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. ज्याच्या गावात त्या तुकडीतला मुलगा आहे, त्यानं त्याच्याशी बोलावं. यूट्यूबच्या दहा व्हिडिओंपेक्षा ते कामाचं.

पाचव्या वर्षाचं गणित वयावर आहे. योजना साडेसतरा ते २१ वयासाठी आखली आहे (जाहिरातीत जन्मतारखा नेमक्या दिलेल्या असतात, त्याच बघा). म्हणजे बाहेर पडताना पोरगा साडेएकवीस ते पंचवीस वर्षांचा असेल. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाला २८ पर्यंत मुभा आहे आणि बारावी पास लागते. अठराव्या वर्षी गेलेल्याला परत आल्यावर पोलीस भरतीच्या चार-पाच संधी मिळू शकतात. एकविसाव्या वर्षी गेलेल्याला जेमतेम दोन-तीन, आणि भरती दरवर्षी निघतेच असं नाही. म्हणून माझा साधा नियम आहे. वय १८-१९ असेल तर अग्निवीर हा चांगला सौदा आहे. वय २१ ला टेकलं असेल आणि पोलीस भरतीचं ग्राउंड निघण्यासारखं असेल, तर आधी पोलीस. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं आणि नोकरी ५८ पर्यंत. वर्दीची हौस तिथेही भागते, फक्त गावात फ्लेक्स जरा लहान लागतो.

बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही केंद्रीय दलं लोक विसरतात. वय १८ ते २३, शिक्षण दहावी, पळायचं ५ किलोमीटर २४ मिनिटांत. तिथे उंची १७० सेंमी लागते, पण मराठा उमेदवारांना १६५ ची सवलत आहे. जागा कायम आहेत. चार वर्षं पूर्ण केलेल्या अग्निवीरांना याच दलांत १० टक्के जागा आणि वयात सूट २०२२ मध्येच जाहीर झाली, म्हणजे तो रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा आहे.

दहावीवर गेलेल्याला नोकरीतच मुक्त विद्यालयामार्फत बारावी समकक्ष प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, पुढे इग्नूची पदवीही, ज्यात निम्मे क्रेडिट लष्करी कौशल्य प्रशिक्षणाचे धरतात. पोलीस भरतीला बारावी लागते हे लक्षात घेतलं तर हे प्रमाणपत्र सेवा निधीइतकंच मोलाचं आहे.

इथवर वाचून जायचंच ठरलं असेल तर पहिला खर्च अकॅडमीवर करू नका. आधी मेडिकलची चाळणी घरीच लावा. वर्षभर पळून, ग्राउंड काढून, लेखी काढून पोरं मेडिकलला बसतात आणि अशा कारणावर अनफिट होतात जे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं.

ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभं राहायचं. पूर्ण तळव्याचा ठसा उमटला, आतल्या बाजूला कमान दिसलीच नाही, तर सपाट पायाची शंका. मग टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा. तेव्हा कमान वर येत असेल, पाय लवचीक असेल आणि दुखत नसेल तर सहसा अडचण येत नाही. तेव्हाही सपाटच राहिला तर हाडांच्या डॉक्टरकडे. मग गुडघे. सरळ उभं राहून गुडघे एकमेकांना टेकवायचे आणि दोन घोट्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. ५ सेंमीच्या पुढे गेलं तर नॉक-नी. उशीवर गुडघे दाबून महिन्यात बरं करतो म्हणणाऱ्यांच्या रील्सवर विश्वास ठेवू नका. हात दोन्ही बाजूंना सोडून तळवे समोर करा आणि कोपरातून हात बाहेर किती वळतोय ते आरशात बघा. हा कोपराचा कोन बऱ्याच जणांना मेडिकलच्या टेबलासमोरच पहिल्यांदा कळतो.

डोळे दोन्ही ६/६ लागतात, चष्म्याशिवाय. रंगांची ओळख तपासतात. रंगांधळेपणाला इलाज नाही, तेव्हा तो आधीच तपासून घ्या. व्हेरिकोसील (अंडकोशाच्या शिरा फुगणं), हायड्रोसील (अंडकोशात पाणी साठणं), मूळव्याध, नाकाचं वाकलेलं हाड यांवर शस्त्रक्रिया होते, पण ती आधी करून जखम पूर्ण भरायला वेळ द्यावा लागतो. ग्राउंडनंतर पळापळ करून भागत नाही. निरोगी दातांना पॉइंट देतात, ते निदान १४ लागतात, किडलेले दात मोजून घ्या. कानातला मळ हे तर सगळ्यात फालतू कारण. महिनाभर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून काढून घ्यायचा. आदल्या रात्री काडी घालून पडद्याला इजा करून घेणारे महाभाग दरवेळी निघतात. टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या भागावर किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. छातीवर महाराज कोरून घेतलेले असतील तर भावना समजते, पण बोर्ड भावना बघत नाही.

अनफिट शेरा मिळाला तरी लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, तेव्हा रडत घरी येऊ नका, कागद घेऊन सरळ तिकडे निघा.

उंची आपल्या भागासाठी जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या जवानाच्या पदाला, १६८ सेंमी, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त. आजी-माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंमी सूट आहे, त्यासाठी नात्याचा दाखला आधी काढून ठेवायचा.

कागदपत्रांत घात होतो तो नावाचा. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचा असतो, आणि आधारवर जन्मतारीख वेगळी, वडिलांच्या नावात ‘राव’ एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं निघालं की रॅलीच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, गेटवर पोरगा अडकतो. आधार दुरुस्ती फॉर्मच्या आधी, नंतर नाही. अधिवास, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंचाचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे शेवटचे दोन फोटोसह आणि सहा महिन्यांच्या आतले. लग्नाचं सांगून ठेवतो. अविवाहितच घेतात आणि या चार वर्षांत लग्नाला मुभा नाही. सोयरीक जमवून ठेवणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं.

आता क्रम. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी, मग रॅली. जनरल ड्यूटीला तासाभरात ५० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो, म्हणजे चार तुक्के चुकले की एक बरोबर उत्तर वाया. मैदानावर पहिलवान असलेली पोरं इथे गळतात, कारण आठवड्यात सात दिवस रनिंग आणि गणिताला रविवारचा एक तास असं त्यांचं टाइमटेबल असतं. हे उलटं करा असं मी म्हणणार नाही, पण रोज दीड तास गणित-विज्ञान हवंच.

ग्राउंडला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर ६० गुण, बीमवर १० पुलअप्सना ४०. शिवाय ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स, हे दोन्ही फक्त पास व्हायचं असतं. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरची फेरी ८२ सेकंदांत, चार वेळा. शिट्टी वाजली की सगळा जथा धक्काबुक्की करत सुटतो आणि पहिली फेरी ७० मध्ये जाते. तिसऱ्या फेरीत पायात शिसं भरतं आणि तिथेच खेळ संपतो. सरावात घड्याळ लावून प्रत्येक फेरी ८० ते ८२ मध्ये बसवायची, आणि रॅलीआधी ५:१० पर्यंत वेळ आणून ठेवायची, कारण तिथे झोप नसते, जमीन अनोळखी असते आणि पहिल्या वळणावर कोपर लागतोच. डांबरी रस्त्यावर रोज पळू नका. नडगी दुखायला लागली की तीन आठवडे गेले. पुलअपला प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ आणि हनुवटी बीमच्या वर. झोके देऊन काढलेले मोजत नाहीत. अकॅडमीत मित्र मोजतात, रॅलीत हवालदार मोजतो.

यातलं १६०० मीटर पोलीस भरतीलाही कामाला येतं, तिथे पूर्ण गुणांना ५:१० लागतात. वर १०० मीटर आणि गोळा. म्हणून दोन्हींची तयारी एकत्र चालू शकते, आणि चालवावीच.

पैसे घेऊन लावून देतो म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. तो दहा जणांकडून घेतो, त्यातले दोन आपल्या बळावर लागतात, त्यांचे पैसे ठेवतो आणि बाकीच्यांचे परत देऊन प्रामाणिक ठरतो. त्याचा धंदा एवढाच.

एक विषय घरात कुणी काढत नाही, पण काढावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनवर ड्यूटीवर असताना बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर गेला. अशा वेळी कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी मिळतो. नियमित जवानाच्या घरी जी कौटुंबिक पेन्शन दरमहा येते, ती इथे नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख, एकदाच. माझ्या मते योजनेतली सगळ्यात मोठी तफावत इथे आहे, आणि तिच्यावर बोलणं म्हणजे फौजेविरुद्ध बोलणं नव्हे.

मुलींना लष्करी पोलीस दलात अग्निवीरची वाट आहे, उंची १६२ सेंमी. आणि बारावीला चांगले मार्क असलेल्या मुलानं किंवा मुलीनं एनडीएचा (फौजेतले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा) फॉर्म न भरता थेट अग्निवीरचा भरणं ही मला चूक वाटते. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, संधी दोन-तीनच, आणि छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी सरकारी पूर्वतयारी संस्था १९७७ पासून आहे, नाशिकला मुलींसाठीही झाली आहे.

मुलगा अठराच्या आतला असेल तर भरतीच्या कागदावर आई-वडिलांची सही लागते. सही करण्याआधी एका कागदावर चार ओळी त्याच्याच हातानं लिहून घ्या. बाहेर पडताना वय किती असेल, कुठल्या दोन परीक्षांना बसणार, बारावी कधी पूर्ण होणार, दहा लाखांना हात कुणी लावायचा नाही. कागद आईकडे ठेवा.