50 टनी जॅक घेतला म्हणजे काळजी मिटली, हे खरं नाही

गॅरेज आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज खूप दिवस फिरतोय. त्यातला सल्ला थोडक्यात असा: जड कामाला सरळ 50 टनी बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर उचलणारा) घ्या. जितके टन जास्त, तितका जॅक टिकाऊ. तेल कुठलंही चालतं, कमी पडलं तर ब्रेक ऑइल ओता. जॅक उतरवायचा वॉल्व्ह घट्ट आवळला की उचललेल्या ओझ्याखाली शिरायला हरकत नाही. पंप आणि होजवाले सेट (पंप वेगळा, सिलिंडर वेगळा, मध्ये तेलाची नळी) नाजूक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण नवी पोरं असला सल्ला खरा धरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. क्रम मात्र माझा, कारण यातला एक मुद्दा थेट जिवावर बेतणारा आहे.

वॉल्व्ह आवळला की खाली शिरा, म्हणे. अजिबात शिरू नका. जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या एका लहान कप्प्यावर उभा असतो. ते तेल अडवतात एक सील आणि वॉल्व्हमधली छोटी गोळी. गोळीच्या बैठकीवर लोखंडाचा बारीक कीस अडकला किंवा सीलला चीर गेली की जॅक बसायला लागतो. कधी तासाभरात बोटभर, कधी एकदम. वॉल्व्ह जोर लावून आवळल्याने ही गळती थांबत नाही, उलट गोळीची बैठक खराब होते. जॅकने उचलायचं आणि भार स्टँडवर किंवा ठोकळ्यांवर घ्यायचा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलंय की ओझं वर गेलं की ताबडतोब त्याला ठोकळे किंवा तसा पक्का आधार द्यायचा.

आपल्याकडचंच उदाहरण पाहा. अंधेरीचा बर्फीवाला उड्डाणपूल गोखले पुलाच्या पातळीला आणायला 2024 मध्ये हायड्रॉलिक जॅकने उचलला, एका बाजूला सुमारे 1.4 मीटर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 65 सेंटीमीटर. तिथेही जॅकच्या जोडीला लोखंडी स्टूलचं पॅकिंग, म्हणजे खालून पक्का आधार होता. पुलाच्या कामाची रीतच ती आहे: थोडं उचलायचं, पॅकिंग सरकवायचं, मग पुढे. एवढे इंजिनिअर हजर असताना जे नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवत नाहीत, ते आपण रस्त्याकडेला का ठेवावं?

आता टनांचं बघू. ट्रकच्या वजनाच्या नियमांत 2018 मध्ये झालेल्या सुधारणेनंतर चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला 11.5 टनांची मर्यादा आहे. चाक बदलताना आपण एकच बाजू उचलतो, म्हणजे साधारण 6 टन. ओव्हरलोड गाडी धरली तरी 20 टनी जॅक पुरून उरतो. जॅकच्या क्षमतेच्या आणि स्ट्रोकच्या (रॅम, म्हणजे भार उचलणारा दट्ट्या, जितका वर येतो त्याच्या) 80 टक्क्यांपर्यंतच काम करावं असा या धंद्यातला जुना संकेत आहे. त्या हिशेबानेही 16 टन हाताशी राहतात. 50 टनी जॅक मात्र पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो, बसलेल्या स्थितीतही उंच असतो आणि पंक्चर झालेल्या चाकाजवळ अ‍ॅक्सलखाली शिरतच नाही. मग कोणीतरी स्प्रिंगच्या पट्टीखाली तिरका टेकवतो. तिरका भार हा जॅकचा खरा शत्रू. रॅम एका बाजूला घासतो, त्याला सरळ धरणाऱ्या बेअरिंगची कड झिजते आणि सील फाटतं. शिवाय रॅम जाड असल्याने दांड्याच्या एका फेरीत तो कमी वर येतो. 6 टनांसाठी हकनाक घाम गाळायचा.

जमिनीबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मुंबईत तर हे आधी सांगायला हवं. जॅकचा तळ 15 बाय 12 सेंटीमीटरचा धरा, म्हणजे 180 चौरस सेंटीमीटर. त्यावर 6 टन म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 33 किलो. ट्रकच्या टायरमध्ये हवा 8 किलोच्या आसपास असते. रस्ता टायर सहज झेलतो, पण जॅकचा दाब त्याच्या चौपट, म्हणून तो रुततो. पेव्हर ब्लॉकवर तर ब्लॉकच कलंडतो, आणि मे महिन्यात डांबर मऊ झालेलं असतं. 45 सेंटीमीटर चौरसाची जाड लोखंडी प्लेट किंवा सागवानी फळ्यांचा जाड थर खाली टाका, दाब 3 किलोवर येतो. मी तर म्हणेन जॅकच्या बजेटमध्येच ही प्लेट धरा.

तेलाची चूक सगळ्यात महागात पडते. बहुतेक जॅकची सील नायट्राइल रबराची किंवा पॉलियुरेथेनची असतात आणि ती खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. ते नायट्राइल फुगवून मऊ करतं, शिवाय हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइल एवढा घात करत नाही, पण ते जाड असतं, रॅम सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. बनवणाऱ्याने सांगितलेला हायड्रॉलिक ऑइलचा ग्रेड वापरा, बहुतेकदा 15, 22 किंवा 32. आणि भरताना रॅम पूर्ण खाली असू द्या. वर असताना भरलंत तर रॅम उतरल्यावर जास्तीच्या तेलाला जागाच उरत नाही आणि ते कुठून तरी बाहेर पडतं.

टिकाऊपणा रॅमवर दिसतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात नवा घ्या नाहीतर दारुखान्याच्या भंगारबाजारात जुना शोधा, रॅम पूर्ण बाहेर काढायला लावा. फडक्याने पुसा आणि नख उभं फिरवा. नख अडकलं, क्रोमवर काळे खड्डे दिसले किंवा उभा ओरखडा असला तर रंगरंगोटीला भुलू नका, तो नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत खाणार. मुंबईची खारी हवा आणि पावसाळा क्रोमला सोडत नाहीत, म्हणून काम झालं की रॅम पुसून, पूर्ण आत घालूनच जॅक ठेवायचा. घेताना भार देऊन दहा मिनिटं तसाच ठेवा आणि आधी-नंतर फुटपट्टीने उंची मोजा. दुकानदार कुरकुरला तरी मोजा.

राहिला पंप-होजचा सेट. नाजूक म्हणून तो टाळायचा हे मला मुळीच पटत नाही. जड दुरुस्तीला, म्हणजे मशीनचा पाया, प्रेस, क्रेनचा गिअरबॉक्स, तिथे हाच लागतो. असे सेट साधारण 700 बारवर चालतात (1 बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब). चपटा सिलिंडर पाच सेंटीमीटरहून कमी फटीतही बसतो आणि पंप मारणारा माणूस ओझ्यापासून लांब उभा राहतो. गेज, म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ, लावला तर भार वाचता येतो. 33.2 चौरस सेंटीमीटरच्या सिलिंडरवर 250 बार दिसले की साडेआठ टनांच्या आसपास भार आहे. बॉटल जॅकला सहसा गेज नसतो, मग हे कळायला मार्ग नाही.

सेट बिघडतो तो बहुतेक वेळा आपल्या वागण्याने. होजला धरून सिलिंडर उचलणं, होजवरून ट्रॉली नेणं, कपलर (होज आणि सिलिंडर जोडणारा सांधा) अर्धवट बसवणं. कपलर पूर्ण बसला नाही तर आतली गोळी उघडत नाही, सिलिंडर परत येत नाही आणि माणसं म्हणतात माल खराब निघाला. दाब सोडून कपलर हाताने शेवटपर्यंत फिरवला की बऱ्याचदा तो चालू होतो. गळती मात्र हाताने चाचपू नका. एवढ्या दाबाचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

खरेदीच्या वेळी टनांच्या आधी दुकानदाराला हे विचारा: या मॉडेलचं सील किट मुंबईत मिळतं का, कितीला, आणि बसवून कोण देतं. किट मिळत नसेल तर पहिलं सील जाईपर्यंतच त्या जॅकचं आयुष्य.