‘लंडनसारखं’ म्हणजे कुठलं लंडन?

बडोद्यात न्यायमंदिराचा विषय निघाला की शेवटी गाडी तिकिटावर येते. इमारत १८९६ची, कोर्ट तिथून हललेलं. तिथं शहराचं संग्रहालय व्हावं, याला फारसा कुणाचा विरोध नाही. पण ‘लंडनसारखं करा, दणदणीत तिकीट लावा, म्हणजे रिकामटेकडे फिरकणार नाहीत’ असं कुणी म्हटलं की इथं लंडनमध्ये हसू येतं. दाखला ज्या शहराचा, तिथल्या मोठ्या संग्रहालयांना मुळात तिकीटच नाही.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी: सगळीकडे कायमचं दालन मोफत. यातल्या शेवटच्या दोघांनी मधे काही वर्षं तिकीट लावलं होतं, ते २००१च्या अखेरीस गेलं. खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून येतो, म्हणजे करदात्याच्या खिशातून. उरलेलं विशेष प्रदर्शनांची तिकिटं, दुकान आणि महागडी कॉफी भरून काढतात. टॉवर ऑफ लंडन आणि वेस्टमिन्स्टर ॲबी यांना असं नियमित अनुदान नाही. म्हणून माणशी तीस-पस्तीस पौंड.

आपली मंडळी इथं येतात ती मात्र उलटा हिशेब घेऊन. घरूनच सिटी पास (अनेक तिकीटवाल्या ठिकाणांचं एकत्र तिकीट) काढतात आणि चारातले दोन दिवस मोफत संग्रहालयांत घालवतात. पास वसूल व्हायचा तर रोज दोन-तीन महागडी ठिकाणं पळत पाहावी लागतात. त्यापेक्षा टॉवरचं तेवढं सुटं तिकीट काढावं, उघडताच आत शिरून आधी राजमुकुटाचे जडजवाहीर पाहावेत (दुपारी तिथं लांबलचक रांग), मग लाल-निळ्या पोशाखातल्या रखवालदाराबरोबरची फेरी घ्यावी. ती तिकिटातच असते. ॲबी आतून नुसती अनुभवायची असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला बसावं. पैसे लागत नाहीत, पण हिंडायला आणि फोटोला मनाई.

ब्रिटिश म्युझियमसाठी वेळेचं मोफत तिकीट आधी काढून ठेवावं. चाकांची बॅग घेऊन थेट स्टेशनवरून जाऊ नये, आत घेत नाहीत. पुढच्या दारापेक्षा माँटेग्यू प्लेसच्या मागच्या दाराला बहुधा गर्दी कमी. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. रोझेटा शिळेपुढची झुंबड तेव्हा ओसरते. आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं ३३ए दालनात आहेत. ती पाहायला मात्र शुक्रवारची वाट पाहावी लागत नाही.

भुयारी रेल्वेत जाताना आणि उतरताना एकच कार्ड टेकवायचं. चढताना फोन आणि उतरताना प्लॅस्टिकचं कार्ड, हा नेहमीचा घोळ. खातं एकच असलं तरी यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी, आणि दोन्हींवर कमाल भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. रोकड २०१४पासून बंद आहे.

आता परत बडोदा. साउथ केन्सिंग्टनला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये २५ मीटरच्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली लोक माना वर करून उभे राहतात. कमाटीबागेतल्या संग्रहालयातही निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, ७२ फुटी, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचा. पण आपण पाहुण्यांना आधी लक्ष्मीविलास राजवाडा दाखवतो, आणि मग वेळ उरत नाही.

तेव्हा लंडनची नक्कल करायचीच तर तिकिटाची नको, शुक्रवारच्या वेळेची करा. मेमध्ये ४२ अंशांत दुपारी दोनला न्यायमंदिरात कोण येणार? तळमजला मोफत ठेवा, तिकीट फक्त खास प्रदर्शनाला लावा, पाट्या गुजराती-मराठी-इंग्रजीत असू द्या, आणि आठवड्यातून एकदा तरी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवा. दांडिया बाजारातली माणसं जेवून सूरसागर तलावावर पाय मोकळे करायला निघतातच. न्यायमंदिर तिथून पाच मिनिटांवर आहे.