गॅमा किरण स्फोटाचे अंतर हा 'निव्वळ अंदाज' असतो काय?

"गॅमा किरणांचा स्फोट काही सेकंदांत संपतो, दुर्बीण वळेपर्यंत पाहायला काहीच उरत नाही, त्यामुळे त्याचे ठिकाण आणि अब्जावधी प्रकाशवर्षांचे अंतर हा निव्वळ अंदाज आहे," असा दावा समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतो. गॅमा किरण स्फोट म्हणजे अवकाशात अचानक होणारा अतिऊर्जावान किरणांचा लखलखाट. १९९७पूर्वी हा दावा फारसा चुकीचा ठरला नसता. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की विश्वाच्या दूरच्या टोकाचे, यावर तेव्हा तज्ज्ञांतच वाद होता.

'काहीच उरत नाही' हे मुळातच खरे नाही. संपतो तो फक्त गॅमा किरणांचा लखलखाट. स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेला पदार्थाचा झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळला की आघातलाट उठते, तिच्यात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना प्रारण बाहेर टाकतात, आणि झोत मंदावत जातो तसे हे प्रारण क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे व पुढे रेडिओ लहरींकडे सरकते. स्फोटानंतर उरणारी ही चमक, म्हणजेच उत्तरदीप्ती, ढोबळमानाने काळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावते. म्हणून दुसऱ्या दिवशीही मोठ्या दुर्बिणीच्या हाती बरेच काही लागते.

ठिकाणाबद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण नुसत्या गॅमा किरणांवरून दिशा फार ढोबळ कळते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या उपग्रहाने ही अडचण सोडवली: स्फोटानंतर सुमारे आठ तासांनी त्याने आपल्या क्ष-किरण दुर्बिणी तिकडे वळवल्या आणि मंदावत जाणारा एक स्रोत टिपला. ला पाल्मा बेटावरील ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच रात्री, स्फोटाला एक दिवसही उलटण्याआधी, त्या जागेचे छायाचित्र घेतले. त्यात सुमारे २१व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) एक अंधुक ठिपका होता. ८ मार्चच्या छायाचित्रात तो जवळपास दिसेनासा झाला होता. कोणताही जवळपासचा तारा स्फोटाच्या माथी मारला जातो, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. गफलत होऊ शकते, हे खरे. जानेवारी २०१७मध्ये गुरुत्वीय लहरींच्या (अवकाश-काळातील तरंगांच्या) एका घटनेशी जोडला जाऊ पाहणारा प्रकाशस्रोत प्रत्यक्षात वेगळ्याच गॅमा किरण स्फोटाची उत्तरदीप्ती होता, आणि हे उलगडण्यात भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचा मोठा वाटा होता.

राहिला अंतराचा मुद्दा. ८ मे १९९७च्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने घेतला. त्यात मॅग्नेशियमच्या शोषणरेषांची (वाटेतल्या वायूने प्रकाश शोषल्याने पडणाऱ्या काळ्या रेषांची) जोडी, जी प्रयोगशाळेत २८० नॅनोमीटरच्या आसपास असते, ती ५१३-५१४ नॅनोमीटरवर आढळली. याचा अर्थ ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याचे प्रमाण, ०.८३५; त्यावरून अंतर काढता येते. काटेकोरपणे बोलायचे तर शोषणरेषांवरून फक्त किमान अंतर ठरते, कारण स्फोट त्या वायूच्या मागे आणखी दूरही असू शकतो. परंतु पुढे त्याच जागी सापडलेल्या दीर्घिकेच्या स्वतःच्या प्रकाशरेषांनीही ०.८३५ हाच आकडा दिला. याला अंदाज म्हणत नाहीत, मोजमाप म्हणतात.

दाव्यात तथ्य उरते ते एवढेच, की सर्व स्फोटांचे अंतर कळत नाही. काहींची दृश्य उत्तरदीप्ती धुळीमुळे अडते, तर काही इतके दूर असतात की त्यांचा प्रकाश अवरक्तात सरकतो. अशा वेळी २००४पासून अवकाशात असलेल्या स्विफ्ट उपग्रहाची क्ष-किरण दुर्बीण ठिकाण काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) नेमके करू शकते, आणि तेथील दीर्घिका शोधून तिचे अंतर सावकाश, वर्षभरानेही मोजता येते.