लंपीच्या गायीचं दूध गटारीत ओतू नका

"लंपी हा नवा व्हायरस गायीतून माणसात उतरला आहे. दुधातून पसरतो. 15 दिवस दूध, दही, ताक, तूप बंद ठेवा." वर अंगभर गाठी आलेल्या एका माणसाचा फोटो. खाली सल्ले: लस टोचू देऊ नका, रोग लसीतूनच येतो, गाठींवर जळकं ऑइल चोळा, गोचीड-माश्यांवर कपाशीचं औषध मारा, आणि गाठ दिसली की जनावर लगेच बाजारात काढा. रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत ग्रुपाग्रुपावर हा मेसेज फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने धडधाकट गायीचं सकाळचं सगळं दूध गटारीत ओतलं आणि घरातल्या लेकरांना कोरा चहा दिला. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी "नवा" हा शब्द निकालात काढू. लंपी म्हणजे गाईगुरांच्या कातडीवर गाठी आणणारा रोग. तो 1929 साली आफ्रिकेत झांबियामध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात तो 2019 मध्ये ओडिशात आला आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच रावेर तालुक्यात चिनावलला दिसला. तेव्हापासून खान्देशातल्या शेतकऱ्याला तो चांगला ठाऊक आहे. गाईगुरांसाठी तो वाईट रोग आहे, यात वाद नाही.

आता मुख्य मुद्दा, माणसाला होतो का? होत नाही. लंपीचा विषाणू कॅप्रीपॉक्स या गटातला. या गटात तीनच विषाणू आहेत: मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लंपी. तिघांचाही मुक्काम जनावरातच. जागतिक पशुआरोग्य संघटना, म्हणजे जनावरांच्या रोगांबाबत सगळे देश जिचं मानतात ती संस्था, लंपी हा जनावरातून माणसात येणारा रोग नाही असं स्पष्ट सांगते. ढोरांचे डॉक्टर आणि लस टोचणारे कर्मचारी गाठी फुटलेल्या जनावरांना रोज हात लावतात. रोग माणसात उतरत असता तर आधी त्यांनाच झाला असता. आणि फोटोचं म्हणाल, तर अंगावर गाठी येणारे माणसाचे स्वतःचे आजार आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार त्यातलाच. त्यात अंगभर मऊ गाठी येतात आणि त्याचा गायीशी काडीचा संबंध नाही. कोणाचा आजारपणातला फोटो उचलून त्याखाली "लंपी" लिहिणं ही त्या माणसाचीही विटंबना आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. जुनी माणसं सांगतात, "आमच्या वेळी धारा काढणाऱ्याच्या हाताला फोड यायचे." ते खरं आहे. तो रोग म्हशीची देवी. धुळे जिल्ह्यातल्या जनावरांत आणि माणसांत आलेल्या त्याच्या साथीचा अभ्यास 1977 साली छापूनही आला आहे. त्यात म्हशीच्या सडांवर फोड येतात आणि धार काढताना ते हाताला लागतात. पण तो विषाणू ऑर्थोपॉक्स गटातला, माणसाच्या देवीचा जवळचा नातेवाईक. लंपी त्या गटातला नाहीच. लोकांच्या मनातली भीती बहुधा तिथूनच आली असावी, आणि ती नव्या रोगाच्या माथी मारली गेली. सडांवर फोड दिसले, मग गाय असो की म्हैस, तर हातमोजे घालून धार काढा आणि डॉक्टरला दाखवा. त्यासाठी दूध ओतायचं कारण नाही.

दुधाचं गणित तर साधं आहे. लंपीचा विषाणू 65 अंशाला 30 मिनिटांत आणि 55 अंशाला 2 तासांत मरतो. आपण दूध ऊतू जाईस्तोवर तापवतो, ते 100 अंशांच्या आसपास जातं. डेअरीचं पाश्चरायझेशन, म्हणजे दूध तापवून त्यातले जंतू मारणं, हेही याच कामासाठी असतं. दूध कच्चं पिऊच नये, पण त्याचं कारण क्षयरोग आणि ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) हे आहे, लंपी नव्हे.

दूध बाजूला ठेवायचं खरं कारण दुसरंच आहे आणि मेसेजात त्याचा पत्ता नाही. आजारी गायीला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर तो अंश दुधात उतरतो. इंजेक्शनं चालू असेपर्यंत, आणि शेवटच्या इंजेक्शननंतरही औषधाप्रमाणे ठरलेले दिवस, ते दूध घरी पिऊ नये आणि डेअरीच्या कॅनमध्येही टाकू नये. दिवस किती, ते डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन टोचलं असेल तर दुभत्या गायीत त्याचा अंश फार दिवस राहतो. म्हणून टोचण्याआधीच "गाय दुधावर आहे" हे सांगा.

आणि "दूध बंद" म्हणून धार काढायचीच सोडली तर? कास भरून येते, दूध गोठतं, दगडी (म्हणजे कासेची सूज, काससुजी) होते. लंपीतून वाचलेली गाय मग दगडीने सड गमावते. ताप 40-41 अंशांवर गेलेली गाय दूध कमी देतेच, पण जे येतं ते दोन्ही वेळा पूर्ण काढा. वासरू मात्र तिच्या सडाला लावू नका, कारण त्याला लंपी होऊ शकतो. ते वेगळं बांधा आणि आईचंच दूध उकळून, कोमट करून बाटलीने पाजा.

लसीचा मुद्दा. "लस टोचली आणि आठव्या दिवशी गाठी आल्या" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण अर्थ चुकीचा लावतात. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत 1 ते 4 आठवडे जाऊ शकतात, आणि लसीची पूर्ण ताकद यायला साधारण 3 आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात रोग आल्यावर घाईघाईने टोचलेल्या गायीच्या अंगात विषाणू आधीच असतो, म्हणून लस पावसाळ्याआधी घ्यायची. ही लस शेळीच्या देवीची आहे, गायीला 1 मिली, कातडीखाली. नात्यातला विषाणू असल्यामुळे ती लंपीला अडवते. टोचल्या जागी छोटी सूज, एखादा दिवस कणकण आणि दूध थोडं कमी, इतकंच होतं. गाय आटत नाही.

लसीकरणात गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. एकच सुई गोठ्यातल्या दहा जनावरांना वापरली तर सुईच रोग वाटत जाते. दर जनावराला नवी सुई मागा, तो तुमचा हक्क आहे. लस 2 ते 8 अंशांतच टिकते. ती बर्फाच्या डब्यातून आली का, बाटलीतली लस तुमच्यासमोर द्रवात मिसळली का, ते बघा. जिला आधीच ताप आहे किंवा गाठी आहेत तिला टोचून घेऊ नका.

सगळ्यांत घातक सल्ला जळक्या ऑइलचा आणि कपाशीच्या औषधाचा. लंपीची गाठ कातडीच्या वरवर नसते, ती पूर्ण जाडीतून आत जाते. पुढे तिचा मधला भाग सुकून गळून पडतो आणि तिथे खोल खड्डा राहतो. त्यात गाडीचं वापरलेलं ऑइल भरलं की जखमेला हवा लागत नाही, घाण आत कोंडते, आणि गाय चाटते तेव्हा ते विष पोटातही जातं. कपाशीवरचं मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस अंगावर फवारणं तर सरळ विषप्रयोग आहे. ही औषधं कातडीतून शोषली जातात, आणि उघड्या जखमांतून तर झपाट्याने. तोंडातून लाळेच्या धारा, अंगाला थरकाप, बाहुल्या बारीक, पातळ शेण, मग धाप लागून जनावर खाली बसतं. असं दिसलं तर अंग लगेच साबणाच्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरला "कोणतं औषध मारलं" ते नावानिशी सांगा. या विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपीन, वेळेत मिळाला तरच जनावर हाती लागतं. लोक लाजेने लपवतात आणि लंपीने मेलं असं सांगतात.

मेसेजमधली निम्मी गोष्ट इथे बरोबर आहे: गोमाशी, डास, गोचीड हेच रोग पसरवतात, त्यांचा बंदोबस्त हवाच. पण जनावरांसाठीचंच औषध वापरा. डेल्टामेथ्रिनचं 1.25 टक्क्यांचं मिळतं, गोचिडांसाठी लिटरभर पाण्यात 2 मिली. फवारण्याआधी जनावराला पाणी पाजा, डोळे-तोंड आणि जखमा वाचवा, धार काढून झाल्यावर फवारा. गोठ्याच्या फटींत आणि गव्हाणीखालीही मारा, कारण गोचिडांची अंडी तिथे असतात. उकिरडा गोठ्याला चिकटून असेल तर फवारणीचा उपयोग चार दिवसही टिकत नाही.

जखम धुवायला लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन, आणि कडेने माश्या बसू नयेत म्हणून करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल. गाठ फोडू नका. गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर फेकू नका, सुकलेल्या खपलीत विषाणू महिनाभराहूनही जास्त टिकतो. त्या जाळा. जमिनीवर 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारा.

विड्याची 10 पानं, 10 ग्रॅम मिरे, 10 ग्रॅम मीठ आणि गूळ हा वाटलेला गोळा बरेच जण देतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही तो सुचवला होता. द्या, खाणं सुटलेल्या गायीला त्याने आधार मिळतो. पण त्याच्या भरवशावर लस किंवा डॉक्टर टाळू नका.

राहिलं "बाजारात काढा". रावेर तालुक्यातल्या सावद्याच्या गुरांच्या बाजारात एक आजारी जनावर उतरलं की तिथून ते रोग घेऊन बुऱ्हाणपूरपासून चोपड्यापर्यंत कुठेही जातं. शिवाय जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा 2009 चा कायदा आहे. आजार कळवणं मालकाला बंधनकारक आहे, आणि साथीच्या भागातून जनावर हलवणं गुन्हा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि जनावर दगावलंच तर पुरायची घाई करू नका. 2022 मध्ये राज्य सरकारने दुभत्या गायीला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत दिली होती. पंचनामा न करता जनावर पुरलं तर अशा मदतीसाठी हातात कसलाच पुरावा उरत नाही. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर दिसेल असा फोटो काढा, डॉक्टर आणि तलाठ्याला बोलवा, पंचनाम्याची प्रत घ्या. मग 8 फूट खोल खड्डा, वर-खाली चुना, आणि विहीर-नाल्यापासून लांब.